लाल फुलीची पत्रं

मंडळी, दिवाळीच्या मेलमध्ये पणतीच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात लाल फुली, आठवतंय? आमच्या सातारा-सांगलीच्या गोतावळ्यात ही फुली अगदी घरची झाली होती.

कारण साधं. मेलमधलं चित्र पुष्कळदा मेलमध्ये नसतंच, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतं. ते उघडलं की मेल वाचल्याचं तिकडे कळतं, आणि स्पॅमवाल्यांना तेच हवं असतं. म्हणून आउटलुक २००३ ने बाहेरची चित्रं आपणहून दाखवणं बंद केलं.

गंमत म्हणजे उपाय आधीच तयार होता. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये चित्राच्या टॅगला 'आल्ट' होतं: चित्र दिसलं नाही तर हे शब्द दाखवा. १९९७ च्या ४.० मध्ये ते सक्तीचं झालं. अंध माणसाचा स्क्रीन रीडर हेच शब्द बोलून दाखवतो.

पण मराठीचं दुखणं वेगळं. इंग्रजी पत्रातलं फूल अडलं तर फूलच जायचं, मजकूर राहायचा. आपल्याकडे ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो समोर नसला की 'शुभेच्छा'चं गिचमिड. त्यामुळे लोक अख्खा मजकूरच चित्र करून पाठवायचे. चित्र अडलं की पत्रच अडलं! विंडोज २००० वर युनिकोड देवनागरी दिसायची, पण सांगलीत मावशी जायची त्या सायबर कॅफेत ९८ च होतं. असो.

याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकात सूत्रधार पदांमधून कथा सांगत राहायचा. पार मागे बसलेल्यालाही, काही दिसलं नाही तरी, आता काय चाललंय हे कळत असणार. आल्ट म्हणजे दुसरं काय?

डिसेंबर २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आपोआप दाखवू लागलं, आणि आल्ट लिहायचा लोकांना कंटाळाच आला. साताऱ्याच्या आमच्या काकांची नजर गेलीय, ते फोनकडून मेल ऐकतात. मागच्या महिन्यात पुतण्याने मुंजीची पत्रिका पाठवली. सुंदर होती म्हणे! फोन एवढंच बोलला, 'इमेज'. हल्ली काही फोन चित्रातली अक्षरं ओळखतात, पण वळणदार मराठीपुढे त्यांची दांडी उडते. काकांनी शेवटी फोन करून विचारलं, "अरे, मुंज कुणाची, आणि यायचं कुठं?"

पुतण्याने तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता टाईप करून दुसरी मेल केली. काकांनी ती दोनदा लावून ऐकली.