हर्ट (क्रियापद)

हर्ट हे इजा करणे, वेदना देणे किंवा मन दुखावणे या अर्थांचे इंग्रजी क्रियापद आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील 'आदळणे, धडक देणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून ते मध्ययुगात इंग्रजीत आले. भूतकाळातही त्याचे रूप बदलत नाही. विद्यार्थी लिहितात ते 'हर्टेड' हे रूप प्रमाण इंग्रजीत नाही.

अर्थ आणि वापर

हे क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालते. 'ही हर्ट माय आर्म' म्हणजे त्याने माझ्या हाताला इजा केली, तर 'माय आर्म हर्ट्स' म्हणजे माझा हात दुखतो. मराठीत दुखणे या धातूपासून दुखवणे हे प्रयोजक रूप होते खरे, पण ते मुख्यतः मनाविषयी वापरले जाते. शरीरासाठी इजा करणे, दुखापत करणे किंवा साधे 'लागणे' हे शब्द येतात. त्यामुळे पडलेल्या मुलाला विचारलेल्या 'आर यू हर्ट?' या प्रश्नाचे खरे भाषांतर 'लागलं का?' असे होते. 'तू दुखावला आहेस का?' असे केल्यास अर्थच पालटतो.

इंज्युअर हे क्रियापद अपघात व खेळातील शारीरिक इजेसाठी अधिक औपचारिक ठरते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अन्याय' असा आहे. वूंड हे प्रामुख्याने शस्त्राने झालेल्या जखमेसाठी, तर डॅमेज वस्तूंच्या नुकसानीसाठी योजतात. मोटारगाडी 'हर्ट' होत नाही. व्यापार किंवा प्रतिष्ठा मात्र होऊ शकते.

कायद्यातील अर्थ

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम ३१९ नुसार 'हर्ट' म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता घडवून आणणे. मराठीत त्याला 'दुखापत' म्हणतात. केवळ मन दुखावणे या व्याख्येत बसत नाही. कलम ३२० मध्ये 'जबर दुखापती'चे आठ प्रकार होते. हाड किंवा दात मोडणे हा त्यांपैकी एक. जखमीला वीस दिवस तीव्र वेदना होणे किंवा नित्य व्यवहार करता न येणे हाही जबर दुखापतीचा निकष होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ही मुदत पंधरा दिवसांवर आली. शिक्षेत मोठा फरक पडत असल्याने फिर्यादीत नुसते 'मारहाण केली' असे न लिहिता इजेचे नेमके वर्णन करणे महत्त्वाचे ठरते.

धार्मिक भावनांसंबंधीच्या कलम २९८ मध्ये मात्र 'हर्ट' नव्हे, तर 'वूंड' हे क्रियापद योजलेले होते.