माळ्यावरचा पेटीचरखा

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक वडिलांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा आणि दुसरा त्यांचा पेटीचरखा. डब्यात पक्कड, हातोडी, कानस, गिरमिट, दोन पटाश्या आणि ठोकून सरळ केलेल्या जुन्या खिळ्यांची एक बाटली होती. पेटी उघडली तो चाती गंजलेली आणि माळ तुटलेली.

"बाबा, हा चालतो का?" चिरंजीवांनी विचारले.

"न चालायला काय झालं? दोन मिनिटांचं काम!" मी म्हणालो. शिक्षकाला 'मला येत नाही' हे वाक्य जरा जडच जाते.

त्याच सकाळी आमच्या घरी आणखी एक 'दोन मिनिटांचे काम' झाले होते. कपाटाचे दार निखळले होते, ते बसवायला मिस्त्री आले होते. त्यांनी तीनशे रुपये सांगितले. "अर्ध्या तासाचं तर काम," असे म्हणून मी दोनशे हातावर ठेवले. ते काही बोलले नाहीत. हत्यारे पिशवीत भरून निघून गेले. आपण व्यवहारात किती पक्के, या समाधानात मी दुसरा चहा घेतला.

आम्ही नालवाडीचे. वर्धा शहर वाढत वाढत आता आमच्या अंगणाला भिडले आहे. पण एके काळी हे शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. 1932 साली विनोबा भावे येथे येऊन राहिले आणि 1938 मध्ये धाम नदीकाठी पवनारला गेले. मधल्या त्या पाचसहा वर्षांत या खेड्यात जे घडले, त्याची गोष्ट खरे म्हणजे हत्यारांचीच गोष्ट आहे.

1934 साली येथे ग्रामसेवा मंडळ निघाले. गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावून तेथे उपयोगाच्या वस्तू होऊ लागल्या. ज्या कामाला गाव नाक मुरडत असे, ते काम येथे विद्या म्हणून शिकवले जाई. पलीकडे मगनवाडीत, त्याच 1934 सालच्या डिसेंबरात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी उभे केले. धूर कमी करणारी मगनचूल आणि गोड्या तेलावर जळणारा मगनदीप ही त्या प्रयोगांची फळे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी मगन संग्रहालय उघडले. वाचक कधी वर्ध्याला आले तर त्यांनी ते मुलांना जरूर दाखवावे.

या साऱ्या मंडळींची हत्यार पारखण्याची कसोटी एकच होती: जो वापरील त्याला ते दुरुस्त करता आले पाहिजे. टकळीच घ्या. बांबूची काडी आणि पाटीच्या फुटक्या तुकड्याची घासून गोल केलेली चकती, एवढ्यावर सूत निघते. मोडली तर दुसरी करायला बाजार गाठावा लागत नाही. पेटीचरखा त्याहून हुशार. जुन्या चरख्याला भले मोठे चाक लागे, कारण चाक जितके मोठे तितकी चाती वेगाने फिरणार. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी दोन लहान चाकांच्या चरख्यावर मेहनत घेतली. त्यावरूनच त्याचे नाव यरवडा चक्र पडले. समजा, मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात लहान चाक आठदा फिरले आणि लहान चाकाच्या एका फेऱ्यात चाती दहादा, तर हाताच्या एका फेऱ्याला चातीचे ऐंशी फेरे होतात. शाळेतला गुणाकार तो हाच, पेटीत घालून काखेत मारता येणारा!

पण नालवाडीची खरी गोष्ट याच्या पुढे आहे. विनोबा वर्षानुवर्षे कातत आलेले. त्यांचा हात काही नवशिक्याचा नव्हता. 1935 मध्ये त्यांनी ठरवले की, कातणारणीला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच आपण जगून पाहायचे. दिवसाचे तासन् तास कातावे आणि मिळेल त्यात पोट भरावे. त्यातून जे दिसले ते कोणत्याही व्याख्यानाहून बोलके होते. कसबी हाताने दिवसभर राबूनही पोटापुरते मिळत नव्हते. हातश्रमाचे गोडवे गाणे सोपे. त्या श्रमाचा भाव आपल्या पोटावर मोजून पाहणे अवघड. त्याच वर्षी आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा आग्रह गांधीजींनी धरला. खादी महागेल, गिऱ्हाईक जाईल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटली. अखेर चरखा संघाने कातणाऱ्याला निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व मान्य केले. दर आठ आण्यांपर्यंत पोचला नाही. पण स्वस्त खादीसाठी कातणारीने उपाशी राहू नये, एवढे तरी ठरले.

हा इतिहास मी वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. तो मला कळला मात्र यंदाच, घरच्या ओसरीवर.

दोन मिनिटांच्या त्या कामाला दोन संध्याकाळी लागल्या. माळ वळली, तर गाठ जाड झाली आणि दर फेऱ्याला चाती उडी मारू लागली. गाठ बारीक केली, तर माळ सैल होऊन चाकावरून घसरली. गंज काढताना कानस बोटाला लागली. चाती अंमळ वाकलेली होती, हे तर दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. ती सरळ करायला गेलो, तो दुसरीकडे वाकली! अखेर सूत निघाले. वीतभर, आणि तेही कुठे दोरीएवढे तर कुठे केसाएवढे. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. ही मात्र बोटाला हळद लावता लावता म्हणाली, "मिस्त्रींच्या हाताला आलं असतं लवकर."

त्या वाक्याने मी गप्प झालो. अर्ध्या तासात दार बसले, ते मिस्त्रींनी आधी तीस वर्षे दारे बसवली होती म्हणून. मी पैसे दिले ते केवळ अर्ध्या तासाचे. ती तीस वर्षे मी फुकटात घेतली. आणि अशा माणसाशी घासाघीस करणारा मी कोण, तर नालवाडीत राहून मुलांना 1935 ची गोष्ट सांगणारा!

धनत्रयोदशीला संध्याकाळी मुलाला घेऊन मिस्त्रींकडे गेलो. दारात पणती होती. उरलेले शंभर रुपये पुढे केले आणि चुकलो म्हणालो. ते अवघडले.

"राहू द्या ना, गुरुजी. पुढच्या कामात धरून घेऊ."

"नाही, हे मागच्याच कामाचे आहेत."

त्यांनी पैसे घेतले. मग माझ्या बोटाच्या पट्टीकडे पाहून हसले. मुलाने सगळी हकीकत उत्साहाने सांगून टाकली.

"चाती अशी ठोकायची नसते, गुरुजी," ते म्हणाले. "पाडव्यानंतर या पेटी घेऊन. अन् पोरालाही आणा. त्याला दाखवतो."