शिकलगाराच्या हातचा तंबोरा

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मुलगी गाणं शिकते. इतके दिवस इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीवर भागवलं. आता तिच्या बाई म्हणतात, खरा तंबोरा घ्या. इथंच कोल्हापुरात एका घरात मिरजेचा जुना तंबोरा विकायला काढलाय. घ्यावा का?"

मी गाणारा नाही. भाषा शिकवणारा माणूस. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास आपल्याच लोकांचा आहे, म्हणून लिहितो.

'शिकलगार' हा शब्द मूळचा 'सैक़लगर'. सैक़ल म्हणजे धातू घासून लखलखीत करणं. सूफींनी दिलाचा आरसा घासण्यासाठी हाच शब्द वापरला. आपल्याकडचे शिकलगार मात्र तलवारी, भाले, कट्यारी घासत. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि या हातांना काम उरलं नाही. मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढं स्वतः तंबोरे, सतारी घडवल्या, असं तिथली परंपरा सांगते. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. पुढच्या पिढ्यांचं आडनावच 'सितारमेकर' झालं. सितार फारसी 'सेहतार'वरून आलेला, म्हणजे तीन तारा, मेकर इंग्रजी, आणि आडनाव लावणारा माणूस मराठी बोलणारा मुसलमान. आपण कोण, या प्रश्नाला इतकं आटोपशीर उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

वाद्यं बनली कारण गाणारे आले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली मिरजेतलाच. खाँसाहेब 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात वारले, पण त्यांची कबर मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आहे. तिथं उरुसात आजही गायक हजेरी लावतात. इकडे कोल्हापुरात 1883 पासून देवल क्लब होता आणि शाहू महाराजांच्या दरबारात 1895 पासून उस्ताद अल्लादिया खाँ होते. गायकाला सूर धरून ठेवणारा तंबोरा लागतो, आणि पन्नासेक किलोमीटरवर तो बनवणारे हात होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. जुना तंबोरा घेताना लोक आधी नक्षी बघतात, मग कोणाच्या घरातला ते विचारतात. आवाज यातल्या कशातही नसतो.

आधी भोपळा बघा. हे मोठे कडू भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात. भोपळ्याला तडा गेलाय का, कीड लागून बारीक भुसा पडतोय का, ते उजेडात तपासा. मग दांडी. एक डोळा मिटून दांडीच्या टोकाकडून बघा. ती वाकली असेल तर वाद्य सोडून द्या. दांडी आणि भोपळा जोडणारा गळा हलत नाही ना, घोडीखाली तबली दबलेली नाही ना, हेही पाहा. खुंट्या घसरत असतील, तारा गंजल्या असतील, घोडी झिजली असेल, तर घाबरू नका. ती दुरुस्ती होते.

घोडी हस्तिदंती आहे असं विकणारा अभिमानानं सांगू लागला, तर मात्र जपून. 1972 चा वन्यजीव कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. मोठेपणासाठी अडचणीत पडू नये.

शेवटची गोष्ट पट्टीची. पुरुषांचा तंबोरा मोठा, खालच्या पट्टीसाठी घडवलेला. मुलगी काळी चार किंवा पाचमध्ये गात असेल, तर आजोबांचा तंबोरा तिच्यासाठी ताणू नका. वाद्यालाही त्रास आणि गाण्यालाही.

हे सगळं जमलं तरी वाद्य मुकं वाटू शकतं, कारण जवारी गेलेली असते. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. तार आणि घोडीमध्ये एक सुती धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. हा उतार मिरजेचा कारागीर पट्टीनं मोजत नाही. कानस फिरवतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. तलवारीला धार लावणारा हातच तो. पाती गेली, तारा आल्या.

म्हणून विद्यार्थ्याला म्हटलं, "घे. पण विकणाऱ्याला देशील त्या रकमेशिवाय कारागिराचे पैसे वेगळे काढ, आणि त्यांच्याशी घासाघीस करू नकोस." 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकनानं जवारी लागत नाही. ती लावणाऱ्याची पोरं याच कामात राहतील का, हा खरा प्रश्न आहे. तंबोऱ्याचा आवाज आता मोबाईलवर फुकट मिळतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, गाणंबजावणं आपलं नव्हे. तो वाद मी इथं सोडवणार नाही. एवढंच सांगतो, जुम्म्याची नमाज पढून कामावर बसलेल्या माणसानं लावलेली जवारी संध्याकाळी देवळातल्या भजनामागं वाजत आली आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ हे चाललं आहे आणि दोन्हीकडच्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

तंबोरा मिरजेला गेला, आठ दिवसांनी परत आला. परवा फोनवर विद्यार्थ्यानं तो ऐकवला. मुलगी छेडत होती, आम्ही दोघं गप्प होतो.