ताडी: पालघर किनाऱ्यावरचे एका दिवसाचे पेय

ताडी हे पालघर किनाऱ्याचे घरचे मद्य. वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या काठावर वसलेल्या दातिवऱ्यापासून एडवण, केळवे, माहीम, सातपाटी आणि वर तारापूर-चिंचणीपर्यंतच्या पट्ट्यात ती प्रामुख्याने ताड आणि शिंदी या दोन झाडांपासून निघते. शिंदीच्या रसाला इकडे खजुरी म्हणतात. माडाचाही रस काढता येतो, पण नारळ हातचे घालवून ताडी काढणे बागायतदाराला क्वचितच परवडते. या पेयाचा एक गुणधर्म त्याच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे: ते टिकत नाही.

ताडाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीला ताडगोळे येतात, नराला फुलोऱ्याची लांब बोटे. रस दोन्हींतून निघतो. थंडीच्या अखेरीस ही बोटे फुटू लागली की ताडी काढणारा पायांत दोराचा फास अडकवून झाडावर चढतो, ती एकत्र बांधतो, काही दिवस हलक्या हाताने ठेचतो आणि मग टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप देतो. कापाखाली मडके बांधले जाते. सकाळ-संध्याकाळ नवा काप द्यावाच लागतो. खाडा झाला की जखम सुकते आणि रस आटतो. शिंदीची रीत निराळी. तिच्या शेंड्याखालच्या झावळ्या उतरवून खोडालाच खाच पाडतात. एका वर्षी एका बाजूला, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते आणि खाचा मोजून तिने किती हंगाम दिले ते सांगता येते. थंडी जितकी कडक, तितकी खजुरी गोड आणि नितळ.

झाडातून गळणाऱ्या रसात साधारण 10 ते 15 टक्के साखर असते. तो आंबवायला वेगळे काही घालावे लागत नाही. हवेतले, झाडावरचे आणि वापरातल्या मडक्याच्या भिंतीत मुरलेले यीस्ट आणि जीवाणू रस पडू लागताच कामाला लागतात. म्हणूनच पहाटे उतरवलेली ताडीही पूर्ण निरुपद्रवी नसते. त्या वेळी ती गोड लागते, जिभेवर किंचित चुरचुरते, आणि वास ओल्या नारळाच्या जवळचा असतो. उन्हे चढतात तशी ती दुधाळ होते, फेस धरते, गोडी मागे पडून आंबटपणा पुढे येतो. दुपारनंतर तिच्यात साधारण 4 ते 6 टक्के मद्यार्क असतो आणि वास नाकात शिरण्याइतका उग्र होतो. पट्टीचे पिणारे हीच वेळ पसंत करतात. दुसऱ्या दिवशी ती शिर्क्याच्या वाटेला लागते. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणे रोखले जाते आणि हाती येते ती नीरा.

शेतकऱ्याच्या घरचे मद्य सगळीकडे असे उतावळे नसते. उत्तर फ्रान्समधल्या बेल्जियमलगतच्या मुलखात शेतावरच सातूची बिअर बनवत. उन्हाळ्यात ती हटकून बिघडे, म्हणून थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला शिजवून तळघरात राखून ठेवत आणि कामाच्या दिवसांत पीत. ‘बिएर द गार्द’ ती हीच. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेने तिथल्या भट्ट्यांची तांब्याची भांडी उचलून नेल्यावर हा धंदा मोडकळीला आला. पुढे जेनलँ गावच्या द्युइक घराण्यासारख्यांनी, शँपेनसारख्या बुचाच्या बाटलीत भरून, तो पुन्हा उभा केला. मुरलेल्या गार्दमध्ये भाजल्या पावाच्या कडेची आणि करपवलेल्या साखरेची चव असते, शिवाय तळघराचा आणि बुचाचा ओलसर वास. तो जाणकारांना दोष वाटत नाही. लोणच्यासारखे हे पेय मुरण्यावर जगते. ताडीला ती सवड नाही. तिला तळघर नाही, बाटली नाही, आणि झाडापासून चार कोसांपलीकडे बाजारही नाही.

चौदाव्या शतकात ताडीची लेखी नोंद झाली. 1321 मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. त्यांचा सोबती फ्रायर जोर्डानस याने त्यांना सोपाऱ्यात पुरले. दातिवऱ्याहून वैतरणा ओलांडली की सोपारा फार दूर नाही. भारतातल्या नवलांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने रस देणाऱ्या झाडांचे वर्णन केले आहे आणि त्यात ‘तारी’ हे नाव येते. 1534 मध्ये वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाची ‘सुरा’ आणि ती गाळून केलेले कडक मद्य यांची माहिती दिली. ताडी टिकवायची तर ती गाळण्यावाचून इलाज नव्हता, आणि गाळलेली दारूच दूरवर विकता येई.

ताडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. सैनिकी पेशाही त्यांच्यात होता, आणि मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने भंडाऱ्यांची पथके बाळगली होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर आणि शेवटी वसई मराठ्यांकडे आली. पेशवे सरकारचे मद्याविषयीचे धोरण कडक होते, पण या किनाऱ्यावर त्याला मुरड घालावी लागली. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदारांना बंदी, पण कोळी, भंडारी वगैरेंना मुभा, अशी ती व्यवस्था होती. पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिताना न्यायमूर्ती रानडे यांनी तिच्याकडे लक्ष वेधले आहे. मुभा द्यावी लागली यातच या पेयाची पकड दिसते.

इंग्रजांनी हा प्रश्न नैतिकतेचा न करता महसुलाचा केला. बाटली नसलेल्या पेयावर कर बसवायचा तर झाडावरच बसवावा लागतो. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढायच्या प्रत्येक झाडामागे कर आणि विक्रीला परवाना अशी चौकट पक्की केली. झाडाच्या कराचे दर चढत गेले. झाडाखाली किरकोळ ताडी विकणाऱ्याला ते झेपेनात, आणि ठाणे जिल्ह्यातल्या भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडली. 1892 च्या मोहवा कायद्याने दारूसाठी लागणारी मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरही बंधने आली. घरच्या मद्याच्या जागी मक्तेदाराची गाळीव दारू बसवण्याचा हा व्यवहार होता. उरणच्या भट्ट्यांची दारू आणि गावोगावचे पारशी दुकानदार त्यावर मोठे झाले. संयमाच्या नावाखाली चाललेल्या या धोरणाने लोकांना हलक्या पेयाकडून कडक पेयाकडे ढकलले, असेच म्हणावे लागते.

उलट दिशेचा झटका आला तो याच किनाऱ्यावरून. 1921-22 च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवीच्या साथीचा कोप शमवण्यासाठी एक विधी सुरू झाला. ज्यांच्या अंगात देवी येई त्यांच्या तोंडून आज्ञा सुटत. विधी डहाणू, उंबरगावमार्गे डोंगराळ भागातल्या आदिवासींत आणि दक्षिण गुजरातेत पोहोचला, तसे आज्ञांचे रूप बदलले: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, पारशी दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. आदिवासींनी दारू सोडली ती शहरी सुधारकांच्या उपदेशामुळे नव्हे. दुकानदाराच्या कर्जातून मान सोडवण्याचा तो त्यांचा स्वतःचा मार्ग होता.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ताडीही त्यात सापडली. नीरा आणि ताडगूळ यांना मात्र सरकारी आशीर्वाद मिळाला. गांधीजींच्या ग्रामोद्योग विचारातून आलेल्या या कामाचे मोठे केंद्र डहाणूला उभे राहिले. साठच्या दशकात बंदी सैल झाली आणि परवान्याची ताडी परतली, पण मधल्या काळात झाडावर चढणारे हात कमी झाले होते. पुढच्या पिढीने मासेमारी, शिक्षण, तारापूरचे कारखाने आणि मुंबईची लोकल धरली.

दरम्यान मागणी शहराकडे सरकली, आणि तिथे ताडीच्या अल्पायुष्याचा फायदा भेसळ करणाऱ्यांनी घेतला. पाणी, साखर, पांढरेपणासाठी भुकटी आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट घालून केलेली बनावट ताडी जीवघेणी असते. झाडाजवळ भेसळ लपत नाही, दुकानात लपते. दातिवरे-केळव्याकडे ताडी घ्यायचीच असेल तर ती परवान्याच्या ठिकाणी, झाड डोळ्यांसमोर असताना आणि सकाळी लवकर घ्यावी. चार दिवस ‘ताजी’ राहणारी ताडी ही ताडी नव्हे.