नानकटाईचा इतिहास : घरचे पीठ, बेकरीची भट्टी

१. प्रस्तावना

दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली, करंजी, लाडू यांच्या शेजारी नानकटाई तुम्ही पाहिली असेल. वर पिस्त्याचा किंवा बदामाचा काप असतो, कडा किंचित तडकलेल्या असतात आणि तोंडात टाकताच ती विरघळते. आपण तिला सहज 'पारंपरिक' म्हणतो. पण ताटाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. चकली, शेव, करंजी, अनारसे हे सगळे तळलेले पदार्थ आहेत. लाडू कढईत भाजून वळलेला आहे. भट्टीत भाजलेला पदार्थ एकच, तो म्हणजे नानकटाई. ज्या स्वयंपाकघरात भट्टी कधी नव्हती, तिथल्या सणाच्या ताटात ती कशी आली, हा या पाठाचा प्रश्न आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीत राहतो. इथे नाक्यानाक्यावर अय्यंगार बेकरी आहे. कारखान्याची पाळी सुटली की तिथे खारा बिस्किट आणि बेण्णे बिस्किट, म्हणजे लोण्याचे बिस्किट, घ्यायला गर्दी होते. बेण्णे बिस्किट पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला बेळगावचे आमचे घर आठवले आणि एक जुना पत्र्याचा डबा आठवला. त्या डब्याकडे आपण पाठाच्या शेवटी येऊ.

२. नाव काय सांगते?

'नान' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ भाकरी किंवा रोटी. 'खताई' म्हणजे खता देशाची. दहाव्या ते बाराव्या शतकात उत्तर चीनवर खितान लोकांचे राज्य होते. त्यांच्या नावावरून मध्य आशियात आणि इराणात चीनला 'खता' म्हणू लागले. म्हणजे नावाचा सरळ अर्थ 'चिनी रोटी' असा होतो. 'खट' म्हणजे सहा, म्हणून सहा जिन्नसांची ती नानखटाई, अशीही एक लोकप्रिय उपपत्ती आहे.

इथे एक सावधगिरी शिकून घ्या. नाव हा पुरावा असतो, पण तो लोकांच्या कल्पनेचा पुरावा असतो. हिंदीत साखरेला 'चीनी' म्हणतात आणि खडीसाखरेला 'मिसरी', म्हणजे मिसर देशाची. पण साखरेचा 'शर्करा' हा मूळ शब्द भारतातलाच आहे. पदार्थाच्या नावात परदेश असला, तर तो कोणत्या वाटेने आला असे लोकांना वाटत होते, एवढे त्यावरून समजते.

नावापेक्षा पदार्थाचे नातलग अधिक बोलके आहेत. अफगाणिस्तानात 'खताई' नावाचीच खुसखुशीत बिस्किटे आहेत. इराणात नवरोजला हरभऱ्याच्या पिठाची, वेलची घातलेली आणि पिस्ते लावलेली 'नान-ए-नखोदची' करतात. आपल्या नानकटाईत बेसन का पडते, याचे एक उत्तर तिथे मिळू शकते. अरब देशांत 'घुरैबा', तुर्कस्तानात 'कुराबिये' आणि ग्रीसमध्ये नाताळला 'कुराबिएदेस' करतात. ग्रीक प्रकारात बदाम असतात आणि भाजून झाल्यावर वर पिठीसाखरेचा जाड थर भुरभुरतात. या सगळ्यांची गोळाबेरीज एकच आहे : पीठ, भरपूर स्निग्ध पदार्थ, पिठीसाखर आणि सुका मेवा. सणही प्रत्येकाचा आहे, फक्त कोणाचा नवरोज, कोणाचा नाताळ आणि आपली दिवाळी.

३. सुरतेची भट्टी

भारतातल्या नानकटाईची कथा बहुधा सुरतेपासून सांगतात. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डच व्यापाऱ्यांनी सुरतेत वखार घातली. त्यांना रोज पाव लागे, म्हणून भट्ट्या आल्या. १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर डचांनी भारतातला मुक्काम आवरला. सुरतेच्या दोटीवाला बेकरीची परंपरा असे सांगते, की डचांची भट्टी त्यांच्या पारशी पूर्वजांकडे आली. पण पाव फुगवायला ताडी वापरत, त्यामुळे गावातले बरेच लोक त्याला हात लावीनात. मग वाळलेल्या पावापासून कोरडी बिस्किटे निघाली आणि पुढे ताडी व अंडे दोन्ही वगळून नानकटाई घडली.

ही एका घराण्याने जपलेली कथा आहे आणि तिच्याकडे तसेच पाहावे. तिच्यातला एक धागा मात्र इतरत्रही सापडतो : भट्टी परक्यांची, गिऱ्हाईक इथले, आणि मधे सोवळ्याची भिंत. ही भिंत टाळायला पदार्थ बदलावा लागला. दक्षिणेतल्या अय्यंगार बेकऱ्यांनी अंडे वगळून केक आणि बिस्किटे केली, त्यामागेही हीच अडचण होती.

४. पुण्यातले चहा-बिस्किटांचे प्रकरण

ही भिंत किती खरी होती, हे पाहायला १८९० च्या पुण्यात जाऊ. त्या वर्षी ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा घाट घातला होता. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशी झाली. कोणी प्रायश्चित्त घेतले, कोणी वाद घातला. सुधारकांचे नेते रानडे यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचे स्नेही दुखावले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हा काळ नोंदवला आहे.

एका न्यायाधीशाला बशीतल्या बिस्किटांपायी प्रायश्चित्त घ्यावे लागले, ही गोष्ट आज विनोदी वाटेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने हसून पुढे जाऊ नये. कोणाच्या हातचे खायचे, या एका प्रश्नावर जातीची सारी चौकट उभी होती. बिस्किटाने त्या चौकटीला थेट धक्का दिला.

५. पाणी नसलेले पीठ

मग त्याच समाजात नानकटाई घराघरांत कशी शिरली? माझे उत्तर पिठात आहे. आपल्याकडे पाण्यात शिजलेले अन्न 'खरकटे' मानत. प्रवासात सोवळे सांभाळणारे लोक दशमी नेत, कारण तिचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेले असे. आता नानकटाईचे जिन्नस पाहा : मैदा, तूप, पिठीसाखर, थोडे बेसन किंवा रवा, वेलची. त्यात पाण्याचा थेंबही नाही. जुन्या नियमांच्या भाषेत ती दशमीच्याही एक पाऊल पुढे होती.

विज्ञानही इथे जुळते. मैद्यात पाणी घालून मळले की त्यातली प्रथिने एकमेकांना धरून चिवट जाळे तयार करतात. पावाला ते हवे असते. तूप मात्र प्रत्येक कणाभोवती आवरण घालते. त्यामुळे जाळे तयार होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. तूप आणि पिठीसाखर परातीत पांढरे होईपर्यंत फेसताना त्यात हवा कोंडली जाते. चिमूटभर खायचा सोडा घातला की झाले. ताडी नको आणि यीस्टही नको.

६. उतरत्या भट्टीची उष्णता

अडचण उरते ती आचेची. आपल्या चुलीची आच खालून येते. बिस्किटाला ती चहूकडून लागते. आपल्याकडे याला जुने उपाय आहेत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत भानोले करताना झाकणावर निखारे ठेवत. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात. वाळू तापवलेल्या डब्यात रव्याचा केक करणाऱ्या आज्याही पुष्कळ होत्या. पण चार किलो नानकटाई अशी भाजता येत नाही.

म्हणून महाराष्ट्रात आणि सीमाभागात एक सुंदर व्यवस्था रुळली. पीठ घरी मळायचे आणि डब्यात भरून बेकरीत न्यायचे. बेकरीवाला ते पत्र्यांवर लावून भाजून देई आणि किलोमागे मजुरी घेई. विटांची भट्टी उष्णता साठवून ठेवते आणि हळूहळू सोडते. पहाटे ती कडक असते तेव्हा पाव भाजतात, साधारण २२० अंशांच्या पुढे. दुपारपर्यंत ती १६०-१७० अंशांवर उतरते. पावाला ती कमी पडते, पण नानकटाईला नेमकी पुरते. बेकरीवाल्याची वाया जाणारी आच आणि घरातले पीठ यांचा असा मेळ बसला.

या व्यवस्थेने आणखी एक काम केले. बेकरी बहुधा इराणी, मुसलमान किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची असे. तिथला पदार्थ विकत घेऊन खायला संकोच करणारे घर तिथली आच मात्र घेऊ शके. जिन्नस घरचे, हात घरचे, परकी फक्त आग. आणि अग्नी तर शुद्धच मानलेला!

७. साखर, डालडा आणि घरचा ओव्हन

हा पदार्थ सामान्य घराच्या आवाक्यात आला तो विसाव्या शतकात. १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि कारखाने भराभर उभे राहिले. म्हैसूरजवळ मंड्याचा कारखाना १९३३ चा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखान्याने गाळप सुरू केले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि तुपाला स्वस्त पर्याय मिळाला. पुण्यात १९५५ मध्ये सुरू झालेल्या कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी लोक रांगा लावू लागले. पंचहौदाच्या गावातच ६५ वर्षांत बिस्किट हे बाहेरगावी न्यायची भेट झाले.

आज घरात छोटा ओव्हन असेल तर १ वाटी मैदा, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, २ चमचे बेसन आणि वेलचीपूड एवढ्यात काम होते. वर बदाम-पिस्त्याचे काप लावून १६० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजा. वरून साखर भुरभुरायची असेल तर नानकटाई गार होऊ द्या, कारण गरम असताना साखर वितळून चिकटते.

८. समारोप : बदललेला डबा

आता तो डबा. बेळगावात दिवाळीच्या आधी आमचा डबा बेकरीत न्यायचे काम माझे होते. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. एका वर्षी संध्याकाळच्या गर्दीत मी दुसऱ्याच घरचा डबा उचलून आणला. झाकण उघडले तर आमच्या नानकटाईवर चारोळी असे, आणि हिच्यावर बदाम. आजीने एकच विचारले, "कुणाच्या हातची रे?" मला सांगता आले नाही. परत गेलो, पण आमचा डबा कोणीतरी नेला होता. आईने आम्हा मुलांना दोन-दोन काढून दिल्या आणि स्वतःही खाल्ली. आजीने त्या दिवाळीत नानकटाईला हात लावला नाही.

मैदा तोच, तूप तेच, आगही तीच होती. फरक होता तो फक्त एका अनोळखी हाताचा. आजी वाईट नव्हती. तिच्या घासामागे काही शतके उभी होती. आणि आईने उचललेला तो तुकडाही इतिहासच आहे, फक्त तो कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आला नाही. त्या दिवशी कुठल्यातरी घरात आमच्या चारोळीच्या नानकटाया कोणीतरी खाल्ल्या असतील. तिथेही कोणीतरी तोच प्रश्न विचारला असेल का, असे मला आजही हूटगळ्ळीतल्या ओव्हनसमोर उभे असताना वाटते.

स्वाध्याय

१. पदार्थाच्या नावावरून इतिहास ठरवताना कोणती काळजी घ्यावी? दोन उदाहरणे द्या.
२. 'घरचे पीठ, बेकरीची आच' या व्यवस्थेमागची तांत्रिक आणि सामाजिक कारणे वेगवेगळी मांडा.
३. पंचहौद प्रकरण आणि समारोपातील डब्याचा प्रसंग यांची तुलना करा. एकाची लेखी नोंद झाली, दुसऱ्याची नाही. याचा इतिहासलेखनावर काय परिणाम होतो?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका वयस्क व्यक्तीला विचारा : सणाचा कोणता पदार्थ त्या लहानपणी बाहेरचा खात नसत, आणि तो पहिल्यांदा कधी व का खाल्ला? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.