गिनीपिग : परळच्या प्रयोगशाळेपासून भोपाळच्या घरांपर्यंत

गिनीपिग हा कृंतक, म्हणजे सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडून खाणारा सस्तन प्राणी, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला गेला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत युरोपात पोहोचल्यावर तेथील घरांत लहान मुलांचा सोबती झाला. भारतात त्याला महत्त्व आले ते प्रयोगशाळेमुळे, आणि त्याच्या संगोपनाविषयीचे आपले अज्ञान बरेचसे या इतिहासातून आले आहे.

या इतिहासाचा सर्वांत ठळक अध्याय मुंबईचा आहे. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. पुढे प्लेगवर संशोधन करणारे कॅप्टन ग्लेन लिस्टन यांना राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयात प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेच्या (आजच्या हाफकिन संस्थेच्या) आधाराने हा धागा पुढे नेला. प्लेगमुळे रिकाम्या झालेल्या घरांत सोडलेल्या गिनीपिगांच्या अंगावर पिसवा गोळा होत आणि काही गिनीपिग प्लेगने मरत. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना रोग होई, पण पिसवांच्या उडीच्या टप्प्यापलीकडे, दोन फूट उंचीवर ठेवलेले वाचत. रोग पिसवांमार्फत पसरतो हे सिद्ध होण्यात या मुक्या प्राण्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो कृतज्ञतेने नोंदवायला हवा.

भोपाळशी या प्राण्याचा संबंध अधिक दुःखद आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, त्यात माणसांबरोबर हजारो जनावरेही मेली. त्यानंतर या वायूची घातकता मोजण्यासाठी परदेशी प्रयोगशाळांत उंदरांसोबत गिनीपिगही वापरले गेले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा तासांच्या संपर्काने निम्मे प्राणी मरण्यास लागणारे हवेतील प्रमाण गिनीपिगांसाठी दशलक्ष भागांत सुमारे ५.४ आणि लहान उंदरांसाठी सुमारे १२.२ आढळले, म्हणजे गिनीपिग या वायूला अधिक लवकर बळी पडत होते. ज्या श्वसननलिकांच्या नाजूकपणामुळे दम्याच्या संशोधनातही हा प्राणी दीर्घकाळ वापरला गेला, तोच नाजूकपणा घरातही त्याच्यासोबत येतो. म्हणून पिंजऱ्याजवळ उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये आणि अंथरणात धुळकट भुसा घालू नये.

अन्नाची गोष्टही प्रयोगशाळेतूनच कळली. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्या व सांध्यांत रक्तस्राव करणारा रोग, झाल्याचे दाखवले. माणसाप्रमाणे गिनीपिगच्याही शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही. तरीही आज त्याला पक्ष्यांचे दाणे आणि पोळीचे तुकडे घालणारी घरे आहेत. त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत असते, कारण दात झिजण्यासाठी आणि पचन चालू राहण्यासाठी तेच लागते. त्याच्या जोडीला सिमला मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड रोज थोडी द्यावी. बरसीम हा म्हशींचा हिरवा चारा तो आवडीने खातो, परंतु त्यात कॅल्शियम अधिक असल्याने तो रोजचा आहार करू नये.

एकटा गिनीपिग खंगतो, म्हणून जोडी ठेवावी लागते, मात्र ती एकाच लिंगाची हवी. मादी जन्मानंतर महिना-दीड महिन्यातच गाभण राहू शकते, आणि नर-मादी एकत्र विकली गेली तर काही आठवड्यांतच, साधारण ५९ ते ७२ दिवसांच्या गर्भकाळानंतर, केस व उघड्या डोळ्यांसह जन्मलेली पिल्ले पिंजऱ्यात दिसतात. नीट सांभाळलेला प्राणी ५ ते ८ वर्षे जगतो, म्हणजे शाळकरी मुलाची हौस फिटल्यानंतरही त्याची जबाबदारी उरते, आणि ती अखेर घरातील मोठ्यांवर येते. पेनिसिलिनसारखी साधी प्रतिजैविके त्याला प्राणघातक ठरू शकत असल्याने माणसांचे औषध अंदाजाने देणेही धोक्याचे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न हवामानाचा आहे. थंड डोंगराळ प्रदेशातून आलेल्या या प्राण्याला २६-२७ अंशांपुढील उष्णता त्रासदायक होते, आणि भोपाळमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. ज्या घरात उन्हाळाभर थंड राहणारी खोली नाही, त्या घराने गिनीपिग आणू नये.