नळाच्या पाण्याची वाट

‘नळ आले’ अशी हाक गल्लीत उठली की आपण तव्यावरची पोळी तशीच सोडून धावतो. नळ येतात कोठून, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी तेच लिहावे असे वाटले.

पूर्वी पाणी कोठून येते हे घरच्या सुनेला विचारावे लागत नसे, कारण ते तीच आणीत असे. आड, विहीर, नाहीतर कयाधूच्या वाळूत उकरलेला झिरा. (प्रल्हादाच्या आईचे नाव मिरविणारी ही नदी, उन्हाळ्यात मात्र लेकरांना वाळूच दाखविते.) पुढे पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे झाली, १९६८ च्या सुमारास ती पुरी झाली. मुख्य हेतू शेतीचा. पण हिंगोली शहराचे पाणी आज याच सिद्धेश्वरातून येते. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर. येलदरीचा याच्या जवळजवळ दसपट. म्हणजे धाकटीची भिस्त थोरलीवर.

धरणातले पाणी पंपाने उपसतात. तुरटीने गढूळपणा खाली बसवितात, वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरीन घालतात आणि उंच जलकुंभात चढवितात. तेथून पुढे पंप नाही. पाणी केवळ उंचीच्या जोरावर घरोघर जाते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो भरतो.

ही युक्ती साहेबाने शिकविली असे कोणी समजू नये. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी! त्याने इराणी कनातीच्या धर्तीवर डोंगराकडचे जमिनीखालचे पाणी बांधीव भुयारातून शहरात आणले. पंप नाही, बैल नाही. सारे काम उताराचे. वाटेत उंच मनोरे उभारले. त्यांत पाणी आपल्या दाबाने चढे आणि पुढे उतरे. ‘नहर-ए-अंबरी’ ती हीच.

अर्थात मुळात पाणीच नसेल तर उंची काय करणार? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाणी सुमारे ५ लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात. माणशी सव्वा लिटर झाले. भुयारी गटारे असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटरांचे मान धरतात.

परंतु पाणी असूनही न पोहोचणे, हे दुखणे आपल्या ओळखीचे. नळीच्या शेवटच्या आणि उंचावरच्या घरी पाणी सर्वांत उशिरा येते आणि सर्वांत आधी जाते. मग पुढची घरे नळाला मोटर जोडतात. मोटर दाब वाढवीत नाही, शेजारणीच्या वाट्याचे ओढते. त्यातून पाणी रोज ठरल्या वेळीच सुटणारे. नळी भरलेली नसताना मोटर चालली की आत पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत शिरते. क्लोरीन बिचारे कोठवर पुरणार?

आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात चार घरची मुले जुलाबांनी आजारी पडली. खणून पाहिले, तर नळीचा सांधा गटाराला लागूनच फुटलेला. त्या दिवशी गल्लीत सात मोटरी निघाल्या. त्यांतली एक आमची होती.

ती आता माळ्यावर पडून आहे. टाकी भरायला अर्धा तास जास्त लागतो, आणि टोकाच्या घरच्या वहिनी सकाळी घागर घेऊन आमच्या दारी येत नाहीत.